दुसऱ्यांदा सांगताना

जुन्या नाशकातल्या एका सेवा केंद्रात बाबांच्या कामासाठी नंबर लावून बसले होते. जुलैचा पाऊस, दारात ओल्या छत्र्यांचा ढीग, आत झेरॉक्स मशीनमधून निघणाऱ्या गरम कागदाचा वास. माझ्या पुढे एक बाई होत्या, चाळिशीच्या आसपासच्या. मुलीच्या कॉलेजच्या फीमध्ये सवलत मिळावी म्हणून उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची घडी, घडीला रबरबँड. टेबलामागचा मुलगा विचारत होता आणि त्या सांगत होत्या. नाव, वय, पत्ता, घरात माणसं किती, कमावतं कोण. मग त्याने विचारलं, "मावशी, मिस्टरांचं नाव?" त्यांनी नाव सांगितलं, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "ते नाहीत आता." "कधी वारले?" "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." मुलाने मान वर केली. "तारीख लागेल, मावशी." मग रबरबँड सुटला, कागद उलटेपालटे झाले, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स सापडली, तारीख टाइप झाली. पुढच्या पानावर जाताना पडद्यावरचं चाक फिरत राहिलं आणि थोड्या वेळाने लॉगिनचं पान समोर आलं. मुलगा चांगला होता. "सॉरी मावशी, परत घ्यावं लागतंय," म्हणाला आणि पहिल्यापासून सुरू झाला. नाव, वय, पत्ता. रांगेत मागे कोणीतरी चुळबुळ केली. मिस्टरांच्या रकान्यापाशी आल्यावर बाईंनी या वेळी पोळा सांगितला नाही. हातातल्या कागदाकडे न बघता सरळ आकड्यांत तारीख सांगितली.

तेवढ्या वेळात त्या फॉर्मला समजेल असं बोलायला शिकल्या होत्या.

हे मनातून जाईना, कारण मी पोटापाण्यासाठी हेच काम करते. कॉलेज रोडवरच्या एका लहान ऑफिसात बसून वेब ॲप्लिकेशनचे फॉर्म बांधते, त्यातही जास्त करून लांबलचक, टप्प्याटप्प्यांचे. अशा फॉर्मबद्दल आमच्या लोकांत बोलणं निघतं ते बहुतेक वेळा पायऱ्यांवरून. चार कराव्यात की सात, वर पट्टी दाखवावी की नुसते आकडे, 'मागे' आणि 'पुढे'ची बटणं कुठे असावीत. हे सगळं पडद्यावर दिसतं, त्यामुळे त्यावर प्रत्येकाचं मत असतं. मला मात्र त्या दिवसापासून ठामपणे वाटतं की पायऱ्या पाडणं हे यातलं सोपं काम आहे. अवघड काम लक्षात ठेवण्याचं. माणसाने एकदा सांगितलेलं जपून ठेवायचं आणि तेच पुन्हा त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं नाही. काही उत्तरं द्यायला माणसाला काहीच लागत नाही, पिनकोड सांगताना कोणाचा आवाज बदलत नाही. पण काही उत्तरं एकदाच कशीबशी बाहेर येतात, आणि फॉर्मच्या रकान्यांत दोन्ही सारख्याच उंचीच्या चौकटी असतात.

टप्प्याटप्प्याने विचारत नेण्याची रीत वेबवर जन्मली नाही. १९९१ साली मायक्रोसॉफ्टच्या पब्लिशर या पत्रकं बनवायच्या प्रोग्रॅममध्ये 'पेज विझर्ड' आले. एक प्रश्न, एक उत्तर, पुढे, आणि शेवटी तयार पत्रक. पण ते सगळं एकाच मशीनवर, एकाच प्रोग्रॅमच्या पोटात चालायचं, त्यामुळे पहिल्या पडद्यावरचं उत्तर शेवटच्या पडद्यापर्यंत आपोआप पोचायचं. वेबचा व्यवहार निराळा आहे. ब्राउझर मागतो, सर्व्हर देतो, आणि एचटीटीपी या त्यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांच्या लेखी दोघांची ओळख तिथेच संपते. पुढची विनंती आली की समोर पुन्हा अनोळखी माणूस. याचा फायदाही मोठा आहे: कुठलाही सर्व्हर कुठल्याही विनंतीला उत्तर देऊ शकतो, म्हणून तर लाखोंची गर्दी झेपते. पण पाच पानांचा फॉर्म भरणाऱ्याला ही विस्मृती परवडत नाही. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मोंटुली यांनी कुकी, म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, काढली ती अशाच अडचणीतून. एमसीआय या अमेरिकेतल्या दूरसंचार कंपनीसाठी ऑनलाइन खरेदीचं काम चाललं होतं, आणि ग्राहकांचे अर्धवट व्यवहार आपल्या सर्व्हरवर साठवत बसायची त्या कंपनीची तयारी नव्हती. म्हणून ती आठवण ग्राहकाच्याच संगणकावर ठेवायची तोड निघाली. आज कुकी म्हटलं की लोकांना पाळत आठवते. तिचा जन्म अर्धवट राहिलेलं काम ध्यानात राहावं म्हणून झाला होता, याचं मला फार अप्रूप आहे.

ध्यानात ठेवणं म्हटलं की मला पंचवटीतले गुरुजी आठवतात. आमचं मूळ गाव पारोळ्याकडचं. बाबा सातपूरच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही नाशिकचे झालो. आजोबा गेले तेव्हा अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो. सकाळची वेळ, पायऱ्यांवर ओल्या धोतरांतून ठिबकणारं पाणी, झेंडूचा आणि कापराचा मिसळलेला वास, गोदावरीचं गार पाणी घोट्यापर्यंत. विधी झाल्यावर गुरुजींनी बाबांना दोनच गोष्टी विचारल्या, आडनाव आणि मूळ गाव. मग लाल कापडात बांधलेली नामावळीची वही आणवली, पानं उलटली आणि वाचायला लागले. पणजोबांची मोडीतली ओळ, त्याखाली सिंहस्थाला आलेल्या आजोबांची सही, बरोबर कोण कोण होतं त्यांची नावं. बाबांना काहीच सांगावं लागलं नाही. गुरुजी वाचत होते आणि बाबा नुसते मान हलवत होते. शेवटी गुरुजी म्हणाले, "आता पुढचं सांगा," आणि आजोबांची तिथी, आम्हा भावंडांची नावं लिहून घेतली. मी तेव्हा शाळेत होते. आता कामाच्या नजरेने बघितलं की कळतं, त्या वहीला चावी दोनच शब्दांची होती, बाकीचा भार वहीने उचलला होता, आणि घरातलं माणूस गेलेल्याला फक्त नवीन तेवढंच विचारलं होतं.

सर्व्हरने किती वेळ लक्षात ठेवायचं, हे कित्येकदा कोणी ठरवलेलंच नसतं. पीएचपी या वेबसाइट बांधायच्या भाषेत सत्राची, म्हणजे सर्व्हरने एका माणसाला ओळखत राहण्याची, मुदत, आपण काही बदल केला नाही तर, १४४० सेकंदांची असते. म्हणजे २४ मिनिटं, बरोबर एक घटका. तेवढा वेळ काही हालचाल झाली नाही की ते सत्र साफसफाईत जायला मोकळं. वेबसाइट चालवायच्या दुसऱ्या व्यवस्थांत, एएसपी डॉट नेटमध्ये २० मिनिटं, टॉमकॅटमध्ये ३०. हे आकडे एका ओळीत बदलता येतात, पण जसे आले तसेच राहिलेले मी जागोजागी बघितले आहेत. आता त्या एका घटकेत काय काय होतं ते बघा. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो, आणि मुलगा अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला असतो, फोन लॉकरमध्ये. रेशनकार्ड घरी राहिलेलं असतं आणि घर पेठ रोडला. पासबुकावरचा आयएफएससी कोड पुसट झालेला असतो. लाइट जाते. यातलं काहीच जगावेगळं नाही. फॉर्म भरणं हे असंच होतं, उठत-बसत, विचारत, शोधत. एका बैठकीत, शांत खोलीत, सगळे कागद समोर मांडून फॉर्म भरणारं माणूस आमच्या ऑफिसातल्या चाचणीतच भेटतं.

वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत याचा विचार झालेला आहे. वेळेची मर्यादा बंद करता किंवा बदलता येत नसेल तर ती संपायच्या आधी माणसाला सांगा आणि एखाद्या साध्या कृतीने वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्या, असं त्यात आहे. सगळ्यांत वरच्या पातळीवर आणखी कडक अपेक्षा आहे: हात न लावल्याने माहिती पुसली जाणार असेल तर किती वेळात, ते आधीच सांगा, नाहीतर ती २० तासांहून जास्त राखा. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत एक नवीन निकष आला, तोही सगळ्यांत पायाभूत पातळीवर. एकाच प्रक्रियेत आधी दिलेली माहिती पुन्हा लागत असेल तर ती भरून दाखवा किंवा निवडायला द्या, पुन्हा टाइप करायला लावू नका. सुरक्षेसाठी विचारणं भाग असेल किंवा जुनी माहिती आता लागू नसेल, तर सूट. लक्षात ठेवायला अवघड जातं अशा लोकांचा त्यात प्रामुख्याने विचार आहे. मी तो वाचला तेव्हा मला ती रबरबँडची घडी दिसली. एखाद्या मानकाच्या कोरड्या वाक्याने गळा दाटून येईल असं वाटलं नव्हतं.

करायचं काय, हे तसं गूढ नाही. माणसाने पहिला टप्पा पूर्ण केला की त्याच क्षणी सर्व्हरवर त्याचा कच्चा अर्ज तयार व्हावा आणि त्याला एक क्रमांक मिळावा. पुढचा प्रत्येक टप्पा त्याच अर्जात जाऊन बसावा. सत्र संपलं तर संपू दे, पुन्हा लॉगिन केल्यावर माणूस जिथे होता तिथेच उभा राहिला पाहिजे. टप्पा पाठवल्यावर सर्व्हरने पुढच्या पानाकडे वळवून द्यावं, म्हणजे पान ताजं केलं तरी तीच माहिती दोनदा जात नाही आणि फोनचं मागचं बटण दाबलं तर भलतीच सूचना अंगावर येत नाही. कागदपत्रांच्या फाइली निवडल्याबरोबर चढवून घ्याव्यात. पान परत आलं तर मजकुराच्या चौकटी आपण पुन्हा भरून देऊ शकतो, पण फाइलची चौकट सुरक्षेसाठी कुठलंही पान स्वतःहून भरू शकत नाही, त्यामुळे एका चुकीच्या अंकापायी चारही फाइली पुन्हा शोधाव्या लागतात. पैसे भरण्याच्या टप्प्यावर प्रत्येक व्यवहाराला एकच कायम चावी, म्हणजे ओळख क्रमांक, असावी, म्हणजे घाबरून दोनदा बटण दाबलं तरी पैसे एकदाच कापले जातात. ब्रिटनच्या सरकारी सेवांच्या फॉर्ममध्ये एका पानावर एकच गोष्ट विचारून सुरुवात करायची आणि शेवटी सगळी उत्तरं एकत्र दाखवून प्रत्येकासमोर बदलायची सोय द्यायची अशी पद्धत आहे. त्यातलं शेवटचं पान मला सगळ्यांत आवडतं. आपण बोललो ते समोरच्याने नीट ऐकलं, याची ती पोच असते.

सध्या दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटासाठी काम चालू आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाला बागेची नोंदणी लागते, पेटीपासून बागेपर्यंत माग काढता यावा म्हणून अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही व्यवस्था आहेच. त्याशिवाय गटाला स्वतःची नोंद हवी आहे: गट नंबर, क्षेत्र, वाण, खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणीच्या तारखा, प्रत्येक फवारणी, औषधाचं प्रमाण, शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत सोडलेले दिवस. बागेत गेलो तर एक काका म्हणाले, "ताई, ब्लोअर चालू असताना फोन कोण काढणार? हाताला औषध असतं. मी रात्री जेवण झाल्यावर भरतो." मळ्यात रेंज येते-जाते. फवारणी सकाळची, नोंद रात्रीची, आणि अर्धी नोंद दुसऱ्या दिवशी दुकानदाराची पावती सापडल्यावर. त्यामुळे हा फॉर्म फोनमध्येच साठतो आणि रेंज मिळाली की हळूहळू पुढे सरकतो. अर्धवट नोंद हीच त्याची नेहमीची अवस्था, आम्ही ती लाल रंगात दाखवत नाही.

क्षेत्राच्या रकान्यावर तर आमचे दिवसच्या दिवस गेले, आणि ते सत्कारणी लागले. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बोलण्यात एकर-गुंठ्यांत. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतकरी १.२० लिहितो तेव्हा त्याच्या मनात एक एकर वीस गुंठे असतात, म्हणजे दीड एकर. संगणक तेच १.२ एकर म्हणून वाचतो, म्हणजे एक एकर आठ गुंठे. मधले बारा गुंठे गायब होतात आणि कुठेही इशारा येत नाही, कारण फॉर्मच्या दृष्टीने सगळं बरोबर असतं. मग एकरी औषधाचा हिशोब, एकरी उतारा, सगळंच त्या बारा गुंठ्यांनी सरकतं. आता एकर आणि गुंठे अशा दोन वेगळ्या चौकटी आहेत आणि खाली लगेच दिसतं, "म्हणजे ०.६१ हेक्टर, सातबाराशी ताडून बघा". गट नंबरात ११२/१/अ असं असू शकतं, तिथे तिरकी रेघ आणि अक्षर दोन्ही चालतात. विचारताना ज्याच्या त्याच्या मापात विचारावं आणि रूपांतराचं काम यंत्राने करावं, एवढं साधं आहे हे. पोळा सांगितल्यावर कॅलेंडर उघडून पोळ्यापाशी नेणारी तारखेची चौकट करायला तरी असं काय अवघड आहे, असं मला हल्ली सारखं वाटतं.

नावांचं दुखणं आणखी खोल. मी पाहिलेल्या एका फॉर्ममध्ये नावात फक्त अक्षरं चालतील असा नियम होता, आणि तो लिहिणाऱ्याने मराठीचा विचार करून, युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांना संगणकात क्रमांक देणाऱ्या मानकाची, सगळी अक्षरं घेऊन लिहिला होता. पण युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, ती चिन्हं. त्यामुळे कमल पुढे जायची आणि सीता अडायची. आकड्यांचंही तेच. मराठी कीबोर्डवरून टाकलेला ९ पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला आकडा म्हणून कळतो, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टला कळत नाही, मग बरोबर असलेल्या मोबाइल नंबरखाली 'अवैध क्रमांक' असं उमटतं. नऊवारीतल्या एखाद्या आजीच्या नातवाने किती जपून तो नंबर टाकलेला असतो. असं तांबडं वाक्य दोनदा आलं की लोक स्वतःलाच दोष देतात, "मला जमत नाही हे" म्हणतात. ते ऐकवत नाही.

पण सगळंच लक्षात ठेवावं, असंही मी म्हणणार नाही. सेवा केंद्रातला संगणक दिवसभरात कितीतरी जणांचा असतो. भरलेला मजकूर ब्राउझरच्याच पोटात साठवला तर पुढच्या माणसाच्या अर्जात आधीच्या बाईंचा खाते क्रमांक सुचवला जातो. म्हणून आठवण सर्व्हरवर, माणसाच्या लॉगिनमागे ठेवायची आणि सामाईक मशीनवर काही मागे राहू द्यायचं नाही. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतोच की माहिती ज्या कामासाठी घेतली त्यासाठीच वापरायची आणि ते काम संपलं की पुसायची. अर्धवट सोडलेले अर्ज किती दिवस ठेवायचे, हेही म्हणूनच पहिल्या पानावर लिहायला हवं.

आणि एक वेगळीच गोष्ट दिंडोरीला कळली. गटाकडे आधी एक ॲप होतं. गटातल्या एका ताईंचे यजमान गेल्या हिवाळ्यात वारले. बाग आता त्याच बघतात. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली, बँकेत नाव लागलं, पण ते ॲप रोज सकाळी उघडलं की यजमानांच्या नावाने नमस्कार करायचं. ताईंनी ते वापरणंच सोडून दिलं आणि नोंदी वहीत ठेवायला लागल्या. बैठकीत त्यांनी हे सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, वही का आणली त्याचं कारण म्हणून. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यातला नियम अपुरा पडत होता. पुन्हा विचारलं तरी लागतं आणि न विचारता धरून चाललं तरी लागतं.

आता नव्या फॉर्ममध्ये ऑक्टोबर छाटणीच्या नोंदणीला मागच्या हंगामाची माहिती आधी दिसेल: बाग कोणाच्या नावावर, गट नंबर, क्षेत्र, वाण. प्रत्येक ओळीसमोर 'बदला'. नाव बदलायचं असेल तर नवं नाव टाकायचं, कारण विचारलेलं नाही. कागद लागेल तो गटाचा सचिव नंतर मागेल, एकदाच, आणि तो बदल नोंदणी, फवारणी, हिशोब सगळीकडे आपसूक पोचेल. 'काही बदल नाही' हे बटण आम्ही यादीच्या खाली ठेवलं आहे, वर नाही, म्हणजे निदान नजर तरी सगळ्या ओळींवरून जाईल. माझी सहकारी म्हणते, लोक न वाचताच खाली सरकवून दाबतील, म्हणून वाणाची ओळ तरी रिकामी ठेवू. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. थॉमसन वाण काढून दुसरं कलम केलेल्या बागेत जुनंच नाव पुढे जात राहिलं तर पुढचा सगळा माग चुकतो. मला तरीही भरून दाखवावंसं वाटतं. आमचं एकमत झालेलं नाही, म्हणून पुढच्या बैठकीला दोन्ही पडदे फोनवर घेऊन जाणार आहोत, आणि पहिला फोन वहीवाल्या ताईंच्या हातात देणार आहोत.